परतीचा गॅस

नंदनवन, नागपूर
रविवार, ६ जानेवारी १९७४

प्रिय कवडू,
आशीर्वाद.

तू इथली नोकरी सोडून हिंगणघाटच्या कारखान्यात फोरमन झालास, त्याला तीन वर्षं होतील. एवढ्या काळात मी तुला दिवाळीशिवाय पत्र लिहिलं नाही. हे कामाचं आहे. एकदा वाच आणि मग पुन्हा वाच.

गाडी चालली.

विजेनं पाणी फोडायचं, हायड्रोजन काढायचा, तो तेलात सोडून वनस्पती तूप गोठवायचं, यात आपली उमर गेली. एकोणसत्तरच्या मे महिन्यात भर दुपारी वीज गेली होती, तू माझ्याच पाळीत होतास. सगळे पंखे थांबले, पण पाणी फोडणाऱ्या सेलवरच्या व्होल्टमीटरचा काटा शून्यावर आला नाही. इंजिनिअरसाहेब म्हणाले, "मुळे, काटा अडकला असेल." मी काचेवर तीनदा टिचकी मारली. काटा अडकलेला नव्हता. पत्र्यांवर चिकटून राहिलेला गॅस पुन्हा पाणी होत होता, आणि होता होता वीज परत देत होता. म्हणजे जे यंत्र वीज घेऊन गॅस देतं, ते गॅस घेऊन वीजही देईल. हे मला कोणी शिकवलं नाही. नंतर पुस्तकांत सापडलं, परदेशी लोकांनी अगोदरच केलेलं, तेव्हा एक दिवस वाईट वाटलं आणि दुसऱ्या दिवशी बरं वाटलं.

साडेचार वर्षांचे सगळे रविवार त्यात गेले. छप्पन्न सेल, आत कॉस्टिक पोटॅशचं पाणी, पत्रे निकेलचे, प्लांटमधून उसने घेतलेले. मोटर रेल्वेच्या भंगारातली, छत्तीस व्होल्टची. तीन चाकं, तीन माणसांची जागा, सिलिंडरसकट वजन चारशे दहा किलो. सपाटीला ताशी बावीस किलोमीटर. हिंगणा रोडवर जा-ये करून मोजलं: एका सिलिंडरात चौऱ्याण्णव किलोमीटर. लोक शंभर म्हणतात, मी चौऱ्याण्णव म्हणतो. धूर नाही, आवाज नाही, मागून फक्त थेंब थेंब पाणी पडतं. पेट्रोलचे भाव चढल्यापासून सीताबर्डीवर लोक जुन्या सायकली पुसून बाहेर काढायला लागले आहेत. अशा वेळी ही गाडी काय आहे ते तुला कळेल.

आता अडचण. आपले मालक ताराचंदशेठ यांनी गाडी पाहिली, तिच्यात बसले, आणि उतरून म्हणाले, "मुळेजी, जहाँ नल नहीं, वहाँ आपकी गाडी क्या पियेगी?" मी म्हणालो, जिथे वनस्पतीचा कारखाना तिथे हायड्रोजन. अशी गावं आपल्या भागात कमी नाहीत. तेव्हा त्यांनी अट घातली. एकतीस मार्चच्या आत गाडी आपल्या बळावर दुसऱ्या गावी जाऊन परत आली पाहिजे. परतीचा गॅस त्याच गावचा हवा, नागपूरचा थेंबभरही नको. मॅनेजर मनोहरराव सोबत बसतील आणि साक्ष देतील. जमलं तर कारखान्यात शेड आणि दोन माणसं. नाही जमलं तर गाडी सुटी करायची आणि सगळं निकेल प्लांटला परत द्यायचं.

ते दुसरं गाव म्हणजे हिंगणघाट. अंतर अठ्ठ्याहत्तर किलोमीटर. म्हणजे एका भरण्यात मी तुझ्या फाटकावर येतो, तिथे भरतो आणि परत निघतो.

वेगळ्या कागदावर एकोणीस प्रश्न जोडले आहेत. गॅसची शुद्धता किती, ओलावा किती, रविवारी प्लांट चालू असतो का, व्हॉल्व्हचे आटे डावे की उजवे, पाना कोणत्या मापाचा, वगैरे. प्रत्येकाचं उत्तर हवं. "भरपूर", "चांगला", "काळजी नको" ही उत्तरं मी धरत नाही.

तुझा
गिरिधर मुळे

•

हिंगणघाट
१४ जानेवारी १९७४

गिरिधरभाऊ,
पायाले हात लावून नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्या खेपेले माह्या बायकोनं, शोभानं, वाचून घेतलं. थे म्हणते, "गिरिधरभाऊजी पाण्यावर गाडी चालवून राह्यले, अन् तुमची सायकल हवेवर बी चालत नाई." आता सांगा, बाप्पा, याले काय उत्तर द्यावं?

थो वोल्टमीटर मले याद हाय. तुम्ही टिचकी मारली तवा मी मागं उभा होतो. मले वाटलं तुम्ही काच फोडता.

तुमचे एकोणीस सवाल कागदावरच भरून पाठवले हाय, एकाखाली एक, तुम्ही शिकवलं तसे. शुद्धता नव्व्याण्णव पूर्णांक सहा. ओलावा मोजला, लिहिला. आटे डावे. पाना बत्तीसचा. रविवारी प्लांट चालू राह्यते, गॅसची टाकी सकाळी सातले पूर्ण वर चढलेली राह्यते. आमच्या मॅनेजरसाहेबाले इचारलं. थे म्हणे, येऊ द्या, आमाले बी पाहाचं हाय.

तुम्ही या, भाऊ. तुमच्या हाताखाली शिकलो म्हणून इथी फोरमन झालो. तुमची गाडी माह्या फाटकात उभी राहीन, याच्यापेक्षा मोठी गोष्ट माह्यासाठी नाई.

तुमचा
कवडू भोयर

•

नंदनवन, नागपूर
२ फेब्रुवारी १९७४

प्रिय कवडू,

उत्तरं मिळाली. अठरा बरोबर, अकराव्यात दशांशचिन्ह राहिलं होतं, ते मी घातलं.

रविवार, १७ फेब्रुवारी. सकाळी साडेसहाला निघणार, बुटीबोरीला पंधरा मिनिटं, जामला वीस, तुझ्याकडे अकराच्या आत. मनोहररावांची एकच चिंता आहे, सिगारेट. मी त्यांना सांगितलं, चार तास ओढायची नाही. ते म्हणाले, "मुळे, माझं लग्न लागलं त्या दिवशीसुद्धा मी चार तास थांबलो नव्हतो."

स्वागत वगैरे करू नका. पाना तेवढा हाताशी ठेव.

गिरिधर

•

नंदनवन, नागपूर
१९ फेब्रुवारी १९७४

कवडू,

बसनं आलो. गाडी तुझ्या शेडमध्ये आहे, तिला कोणी हात लावणार नाही ही जबाबदारी तुझी.

काल दिवसभर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आज लिहितो. जाताना सगळं मिनिटाला बरोबर घडलं. बुटीबोरीला एक जण मागे धावत आला, "ओ भाऊ, पाणी गळून राह्यलं, रेडिएटर फुटला!" जामच्या टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत. दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी तुझ्या फाटकात आलो. नको म्हटलं होतं तरी शे-सव्वाशे माणसं उभी, हार, आणि तुमचे मॅनेजर छत्री घेऊन. मी सिलिंडरची नळी हातात घेतली आणि विचारलं, "कॉम्प्रेसर कुठे आहे?"

तू म्हणालास, "कोणता?"

त्या क्षणी मनोहरराव माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होतो.

माझ्या सिलिंडरात गॅस चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या दाबानं कोंबलेला असतो. तुमच्याकडे पाण्यात पालथी घातलेली टाकी आणि एक ब्लोअर. त्या ब्लोअरचा दाब तीन किलो. तीन किलोनं माझं सिलिंडर भरलं तर गाडी एक पूर्णांक अठ्ठ्याऐंशी किलोमीटर जाईल, म्हणजे तुझ्या फाटकापासून कापूस बाजारापर्यंत. डोक्यावर गॅसचा डोंगर आणि गाडीला प्यायला घोट नाही! एवढी गोष्ट तुला माहीत होती, मला नव्हती, आणि तू महिनाभर "या भाऊ, या भाऊ" लिहीत राहिलास.

बसमध्ये मनोहरराव बुटीबोरीजवळ खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "गॅस मात्र भरपूर होता हो." त्यांनी एक उपायही सुचवला: इथलं भरलेलं सिलिंडर ट्रकनं तिकडे पाठवू, शेठना कशाला कळतंय. मी सांगितलं, मला कळतंय.

चाळीस दिवस उरले आहेत. तुमच्याकडे कॉम्प्रेसर बसवायला दीड वर्ष लागेल. मला पुढचा रस्ता दिसत नाही, हे मी तुलाच लिहितो आहे, दुसऱ्या कोणाला नाही.

गिरिधर

•

हिंगणघाट
२३ फेब्रुवारी १९७४

गिरिधरभाऊ,

चूक झाली. माफी मागतो. आता दोन गोष्टी सांगतो, राग आला तर येऊ द्या.

पयली. तुम्ही एकोणीस सवाल इचारले, त्यात कॉम्प्रेसर नव्हता. मी तुमच्याजवळ शिकलो तवा रजिस्टरात एक दिवस लिहिलं होतं, "आज पंप वेगळा आवाज करते." तुम्ही थे खोडलं. म्हणाले, "आवाजाचा रकाना आहे का? रकाना नाही ते लिहायचं नाही." तवापासून मी इचारलं तेवढंच सांगतो. अन् खरं सांगू का? मले वाटलं तुम्ही दाबाचं मशीन गाडीतच बसवलं असन. गिरिधरभाऊ इसरते, असं आमच्या डोक्यात येतच नाई. तुमच्या प्लांटात कॉम्प्रेसर बाजूच्या खोलीत रातदिवस घरघर करते, म्हणून तुमाले थो ऐकूच येत नसन.

दुसरी गोष्ट. तुम्ही गेल्यावर मी गाडीजवळ बसलो. सिलिंडरातून नळी निघते, तिथी रेग्युलेटर हाय. दीडशे किलोचा दाब थो उतरवते अन् सेलले देते. किती देते? मी गेज पाह्यलं. बोटभर उंच पाण्याएवढा. आमच्या टाकीचा दाब किती? आठ बोटं.

मंग भाऊ, तुमची गाडी बोटभर दाबावर चालते, अन् आमची टाकी आठ बोटं देते, तर मधात थे दीडशे किलो काहून पायजे? कोंबाचं अन् मंग पुन्हा सोडाचं, हे काहून? सिलिंडर काढून ठेवा. मोठी पिशवी बांधा छतावर. टाकीतून पिशवीत, पिशवीतून सेलमध्ये.

शोभा म्हणते, "कापसाच्या गाड्या नाई पाह्यल्या का तुम्ही? बैलापेक्षा चारपट उंच. इथं कोणी वळून बी नाई पाहाणार."

कवडू

•

नंदनवन, नागपूर
२७ फेब्रुवारी १९७४

कवडू,

रकान्याची गोष्ट खरी आहे. मी ते खोडलं होतं. त्या पंपाचं बेअरिंग दहा दिवसांनी गेलं, तेही मला आठवतं.

पिशवीची गोष्ट मात्र तू आकडे न मांडता लिहिली आहेस, म्हणून मी मांडतो. सिलिंडरात सात घनमीटर गॅस असतो. तेवढाच न कोंबता ठेवायचा तर पिशवी पावणेतीन मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच होईल, म्हणजे गाडीपेक्षा मोठी. समोरून वारा अडवेल. ताशी बावीसला निम्मी शक्ती वाऱ्याशी भांडण्यात जाईल. शिवाय हायड्रोजन इतका बारीक की ताडपत्रीतून पाझरून जाईल. शिवाय मी साडेचार वर्षं घालवून जी गाडी केली, ती गावात शिरताना सर्कशीसारखी दिसेल.

मोटार म्हणजे बैलगाडी नव्हे. हा विचार सोड. मी पुण्याच्या एका कंपनीला छोट्या कॉम्प्रेसरबद्दल लिहिलं आहे.

गिरिधर

•

हिंगणघाट
४ मार्च १९७४

गिरिधरभाऊ,

पुण्याचं उत्तर येऊ द्या. तवरक मी आकडे मांडले.

आमच्या गावात महादेवराव ट्यूबवाले हाय. त्यायच्याकडून ट्रकच्या आठ जुन्या ट्यूबा आणल्या. एकीत पाणी भरून मोजलं, सव्वाशे लिटर. आठ म्हणजे एक घनमीटर. गाडीच्या छतावर बांधल्या, आपसात नळीनं जोडल्या. पयला गॅस भरून सोडून दिला, आत हवा राहू नये म्हणून. दुसऱ्या खेपेले भरला थो ठेवला. वरून फळी अन् दोन इटा ठेवल्या, बोटभर दाब आला. सिलिंडर उतरवून ठेवलं, पासष्ट किलो वजन कमी झालं.

अन् मंग मी गाडी चालवली. तुमची मनाई होती, मले याद हाय. कारखान्याच्या आवारात चक्कर चारशे मीटरची. टेप लावून मोजली. गाडी तीस चक्कर चालली. एकतिसाव्या चकरेत बॉयलरजवळ थांबली. बारा किलोमीटर, एका घनमीटरात. येग ताशी सोळा. याच्यापेक्षा जास्त पळवलं तर ट्यूबा नाचते.

तुमचं सिलिंडर एका घनमीटरात किती देते? मी भागलं. तेरा पूर्णांक चार. मंग फरक केवढासा हाय?

पोट्टे मागं धावत होते. आमचे मॅनेजरसाहेब दहा चकरा माह्याजवळ बसले. तुम्ही नव्हते, याचंच वाईट वाटलं. आता जे बोलाचं थे बोला.

कवडू

•

नंदनवन, नागपूर
९ मार्च १९७४

कवडू,

माझ्या गाडीला मला न विचारता हात लावलास. माझ्याखेरीज ती आजवर कोणी चालवली नव्हती. हे पत्र मी दोनदा फाडलं. पहिल्या दोनांत फक्त एवढंच होतं.

तिसऱ्यांदा बसलो तेव्हा तुझ्या तीस चकरा समोर ठेवल्या. चारशे मीटर टेपनं मोजले, ट्यूब पाण्यानं मोजली, आतली हवा घालवली, वजन लिहिलं. चूक शोधली. नाही सापडली. मग मी स्वतःला विचारलं की मी दीडशे किलो दाब का धरून बसलो होतो. उत्तर असं की माझ्या प्लांटमध्ये गॅस सिलिंडरातच मिळतो. मी गाडी गॅससाठी बांधली नव्हती, सिलिंडरसाठी बांधली होती.

पुण्याहून उत्तर आलं: सात महिने.

आता नीट ऐक. आठ ट्यूबांनी भागणार नाही, एकच मोठी पिशवी हवी, आणि तिला वारा लागेल. म्हणून मी एका घनमीटराला बारा धरत नाही, दहा पूर्णांक सहा धरतो. अठ्ठ्याहत्तरला त्यानं भागलं तर सात पूर्णांक छत्तीस. पिशवी साडेसातची करू. शिल्लक दीड किलोमीटर. यापेक्षा मोठी केली तर वाराच तो फायदा खाईल, हे मी तिन्ही बाजूंनी मांडून पाहिलं.

कापड मिळालं. दवाखान्यात खाटेवर गादीखाली घालतात ते लाल रबरी कापड. सीताबर्डीवर एका दुकानात पूर्ण तागा होता. दुकानदारानं विचारलं, "किती पेशंट आहेत?" मी म्हटलं, एकच. त्याचा एक तुकडा पाण्याखाली फुगवून चार दिवस ठेवला, बुडबुडा नाही. पार्सलनं पाठवतो आहे. सांधे महादेवरावांकडून चिकटवून घे, बोटभर नव्हे, चार बोटं एकावर एक. समोरची बाजू होडीच्या नाकासारखी निमुळती कर, नकाशा सोबत आहे. मी आणि मनोहरराव शनिवारी २३ मार्चला बसनं येतो. रविवारी पहाटे वारा सुटायच्या आत निघायचं.

या खेपेला नकाशात जे काढलेलं नाही आणि तुला खटकतं, तेही लिही. रकाना मी तुला आताच करून दिला.

गिरिधर

•

हिंगणघाट
१५ मार्च १९७४

गिरिधरभाऊ,

कापड भेटलं. महादेवराव म्हणे, बत्तीस वर्षांत एवढी मोठी ट्यूब नाई चिकटवली.

खटकते थे लिहितो. पिशवी रिकामी होत आली का वरची फळी खाली येऊन छताच्या चौकटीवर टेकन. मंग पिशवीवर वजन राहाणार नाई अन् गॅस पुढं सरकणार नाई. पिशवीत शेवटचा अर्धा घनमीटर तसाच पडून राहीन. याच्यावर मले उपाय सुचला नाई.

दुसरं म्हणजे अजनीचा चढ. थो तुमच्या रस्त्यात शेवटी येते.

कवडू

•

नंदनवन, नागपूर
मंगळवार, २६ मार्च १९७४

प्रिय कवडू,
आशीर्वाद.

रविवारी पहाटे तू फाटकात उभा होतास तिथपर्यंतचं तुला माहीत आहे. पुढचं लिहितो.

निघालो पाच वाजून पस्तीस मिनिटांनी. वेग ताशी सोळा, त्यावर मी काटा जाऊ दिला नाही. जामपर्यंत पिशवी दगडासारखी होती. मनोहरराव मागे दोर धरून बसले होते. रस्त्यानं कापसाच्या शेवटच्या गाड्या हिंगणघाटकडे येत होत्या. शोभाताईंचं म्हणणं खरं ठरलं, बैलांनी वळून पाहिलं नाही. एका गाडीवानानं तेवढं विचारलं, "काहो, लाल कापूस कोणता हाय हा?" मनोहररावांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "सरकारी." तो म्हणाला, "तरीच." आणि गेला.

बुटीबोरीला नऊ वाजले. पिशवीचं नाक वाकलं होतं. मी थांबून उंची मोजली. अठ्ठावीस किलोमीटर बाकी, गॅस दोन पूर्णांक सात. हिशेब मिनिटाला मिनिट जुळत होता, आणि त्यात तुझा तो पडून राहणारा अर्धा घनमीटर धरलेला नव्हता. रात्रंदिवस विचार करून मला उपाय सापडला नव्हता, हे आता कबूल करतो. मनोहररावांना मी काही बोललो नव्हतो.

अजनीच्या अलीकडे फळी चौकटीवर टेकली. चढ सुरू झाला आणि ॲमीटरचा काटा खाली यायला लागला. तीस, बावीस, पंधरा. गाडी माणसाच्या चालीनं चालायला लागली. मागून एक रिक्षावाला ओरडला, "धक्का मारू का, साहेब?" मी ओरडलो, "हात लावायचा नाही!" कारण हात लागला की अट मोडली.

मनोहरराव म्हणाले, "मुळे, काय झालं?"
मी म्हणालो, "गॅस आहे. पुढे येत नाही. वरून दाब हवा."
"किती?"
"बोटभर पाण्याचा."

त्यांनी कोट काढला, घडी करून माझ्या शेजारी ठेवला, मागच्या दांड्यावर पाय दिला आणि वर चढले. फळी बाजूला सारली आणि पिशवीवर पालथे पडले. काटा बावीसवर आला. मी ओरडलो, "जरा पुढे सरका!" ते सरकले. काटा अठ्ठावीस. अजनीच्या रस्त्यानं, रविवारी भर सकाळी, लोक बाजाराला निघालेले, आणि आमच्या कारखान्याचे मॅनेजर लाल रबरावर पालथे, दोन्ही हात पसरून. चढ संपल्यावर मी त्यांना उतरायला सांगितलं. ते वरूनच म्हणाले, "तुम्ही काट्याकडे बघा." कारखान्याच्या फाटकापर्यंत ते उतरले नाहीत.

फाटकात आलो तेव्हा दहा वाजून पंचावन्न मिनिटं झाली होती. गाडी आपल्या बळावर आत आली, हात लागला नाही. पिशवी चादरीसारखी पडली होती. ताराचंदशेठ खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आधी मनोहररावांना खाली उतरू दिलं. मग चप्पल काढून गाडीभोवती एक चक्कर मारली. चप्पल का काढली ते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही.

म्हणाले, "मुळेजी, ये थैली का दिमाग किसका?"

कवडू, तुला खरं सांगतो. "माझं" हा शब्द तोंडात तयार होता. गाडी माझी, सेल माझे, कापड मी शोधलं, नाक मी काढलं, आकडे माझे. शेठनी एवढंच विचारलं होतं आणि मनोहरराव कोट झटकत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. मी म्हणालो, "हिंगणघाटचे फोरमन कवडू भोयर. माझ्या हाताखाली शिकलेला माणूस. त्यानं मला विचारलं की दीडशे किलो कशाला हवेत, आणि मला उत्तर देता आलं नाही."

शेठनी पिशवीचा कोपरा उचलून पाहिला. मग मनोहररावांना म्हणाले, "अब इसको कॉम्प्रेसर नहीं चाहिए. जहाँ टंकी, वहाँ नल. लिखो." आणि तिथेच लिहून घेतलं. गाडी सुटी करायची नाही. शेड एक एप्रिलपासून, दोन माणसं. दुसऱ्या गाडीचं निकेल मंजूर. तुमच्या मालकांना ते स्वतः पत्र लिहिणार आहेत, की हिंगणघाटला एक पिशवी कायम भरून राहावी, तुझ्या ताब्यात. म्हणजे नागपूरच्या बाहेरचा पहिला नळ तुझा.

दुसऱ्या गाडीचा नकाशा आपण दोघांनी काढायचा आहे. पिशवी छतावर ठेवायची की तळाशी घडीची करायची, शेवटचा अर्धा घनमीटर कसा ढकलायचा, हे एकट्यानं होणार नाही. तू आणि शोभाताई दोन दिवस आमच्याकडे या. बसचं तिकीट काढू नकोस. मी शनिवारी, ६ एप्रिलला सिलिंडर भरून निघतो, अकराच्या आत तुझ्या फाटकावर. पिशवी सोबत आणतो, तू रात्रीतून भरून ठेव. रविवारी पहाटे तिघं निघू. हिशेबाला तिघांचं मिळून वजन लागेल, तेव्हा तुमच्या दोघांचं कळव. शोभाताईंचं अंदाजे नको.

मनोहरराव या वेळी नसतील. अजनीच्या चढाला पिशवीवर मी जाईन. गाडी तू चालव.

गिरिधर